शेतकऱ्यांनी वाहन चालविण्याचा परवाना कसा मिळवावा?

कोकणातील शेती आता बैलजोडीवर राहिलेली नाही. रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीत भाताच्या खाचरात पॉवर टिलर आला, खारपट्ट्यात ट्रॅक्टर आला आणि अलिबागचा पांढरा कांदा, श्रीवर्धनची सुपारी, मुरूड-म्हसळ्याचा आंबा पिकअप किंवा लहान टेम्पोतून बाजारात जाऊ लागला. घरटी एक मोटारसायकल तर आहेच. वाहन घेताना शेतकरी बँकेचे कर्ज, अनुदान, इंधनाचा खर्च, डीलरची सवलत या सर्व गोष्टी बारकाईने पाहतो. मात्र ते वाहन चालविणाऱ्याकडे परवाना आहे काय, हा प्रश्न बहुधा शेवटी येतो आणि पुष्कळदा येतच नाही.

यंत्र-अवजारांच्या एका प्रशिक्षण वर्गात आम्ही शेतकऱ्यांना विचारले, "ट्रॅक्टर किंवा टिलर चालवता येणारे किती?" जवळजवळ सगळ्यांचे हात वर झाले. "परवाना असणारे किती?" असे विचारल्यावर तिघांचेच हात वर राहिले. एक वयस्क बागायतदार म्हणाले, "साहेब, आपण काय मुंबईला जातो? घरापासून वाडीपर्यंत तर जायचे." नेमका हाच गैरसमज दूर करणे, हा या लेखाचा हेतू आहे.

परवाना कोठे लागतो?

मोटार वाहन कायदा 1988 हा 1 जुलै 1989 पासून अंमलात आला. या कायद्याच्या कलम 3 प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालविण्यास वैध परवाना आवश्यक आहे. सार्वजनिक ठिकाण म्हणजे फक्त राष्ट्रीय महामार्ग किंवा डांबरी रस्ता नव्हे. ज्या वाटेवर लोकांना ये-जा करण्याचा हक्क आहे, ती वाट, मग ती रहदारीची असो वा नसो, सार्वजनिक ठिकाणात मोडते. म्हणजे गावरस्ता, पाणंद, बंदरावर जाणारा रस्ता, देवळासमोरची वाट हे सारे त्यात आले. स्वतःच्या शेतात नांगरणी-चिखलणी करताना परवान्याचा प्रश्न येत नाही. परंतु ट्रॅक्टर बांध ओलांडून रस्त्यावर आला की परवाना खिशात हवा.

परवाना नसल्यास काय होते?

दंड ही त्यातील सर्वांत लहान बाब आहे. विनापरवाना वाहन चालविल्यास कलम 181 प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परवाना नसलेल्याच्या हाती वाहन देणाऱ्या मालकालाही कलम 180 प्रमाणे तशीच शिक्षा आहे. गड्याला किंवा शेजाऱ्याच्या मुलाला "जरा ट्रॅक्टर घरी लाव" असे सांगताना हे कलम ध्यानात ठेवावे.

खरा धोका विम्याचा आहे. चालकाकडे वैध परवाना नसताना अपघात झाला, तर विमा कंपनी जखमी माणसाला किंवा मृताच्या वारसांना न्यायालयाच्या आदेशाने भरपाई देते. परंतु मालकाने विम्याच्या अटीचा भंग केल्याचे सिद्ध झाल्यास ती रक्कम पुढे मालकाकडून वसूल केली जाते. ही रक्कम लाखांच्या घरात असते. एका संध्याकाळच्या निष्काळजीपणापायी वाडी गहाण टाकण्याची पाळी येऊ शकते. शिवाय मालक-चालकासाठी विम्यात जे 15 लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते, त्यासाठीही मालकाचा परवाना वैध असावा लागतो.

दुसरी बाब शासकीय मदतीची. राज्य शासनाच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यू झालेल्या शेतकऱ्याच्या वारसांना 2 लाख रुपये मिळतात. रस्ता अपघातात शेतकरी स्वतः वाहन चालवीत असेल, तर प्रस्तावासोबत त्याच्या वैध परवान्याची प्रत जोडावी लागते. घरचा कर्ता माणूस गेल्यावर कागदासाठी प्रस्ताव अडावा, यापरते दुःख नाही.

वयाची अट

1) 18 वर्षे पूर्ण : मोटारसायकल, स्कूटर, मोटारगाडी, ट्रॅक्टर.

2) 20 वर्षे पूर्ण : ट्रकसारखी परिवहन वाहने.

3) 16 वर्षे पूर्ण : फक्त 50 सीसीपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी, तीही पालकाच्या संमतीने. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्कूटर 100 सीसीच्या वरच्या आहेत. त्यामुळे अकरावी-बारावीतील मुलाला या सवलतीचा फारसा उपयोग नाही.

मुलगा अल्पवयीन असताना त्याच्याकडून वाहन चालविताना गुन्हा घडल्यास 2019 च्या दुरुस्तीने आलेले कलम 199-अ लागू होते. पालक किंवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व 25,000 रुपये दंड, वाहनाची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलास वयाच्या 25 वर्षांपर्यंत परवाना नाही, असे त्याचे स्वरूप आहे. "पोरगा हुशार आहे, गाडी चांगली चालवतो" हे कौतुक पोरालाच महागात पडते.

शिक्षणाची अट आता नाही. पूर्वी परिवहन वाहनाच्या परवान्यासाठी आठवी उत्तीर्ण असावे लागे. ही अट 2019 मध्ये काढून टाकण्यात आली.

कोणत्या वाहनाला कोणता परवाना?

परवान्यावर वाहनाचा वर्ग लिहिलेला असतो. नोंदलेल्या वर्गाचेच वाहन चालविता येते. शेतकऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ग पुढीलप्रमाणे आहेत.

1) दुचाकी : गिअर नसलेली आणि गिअरची असे दोन वर्ग आहेत. गिअर नसलेल्या स्कूटरच्या परवान्यावर मोटारसायकल चालविता येत नाही. मोटारगाडीच्या परवान्यावरही दुचाकी चालविता येत नाही.

2) हलके मोटार वाहन : यात मोटारगाडी येते, तसाच 7500 किलोपर्यंत रिकाम्या वजनाचा ट्रॅक्टरही येतो. आपल्याकडील शेतीचे सर्व ट्रॅक्टर या मर्यादेच्या आत आहेत. म्हणून फक्त 'ट्रॅक्टर' एवढीच नोंद करून घेण्याऐवजी हलके मोटार वाहन हा वर्ग घ्यावा. त्याच खर्चात ट्रॅक्टर व मोटारगाडी दोन्हींची सोय होते.

3) पिकअप, लहान टेम्पो : मालासह एकूण 7500 किलोपर्यंत वजनाच्या मालवाहू वाहनासाठी हलक्या मोटार वाहनाचा परवाना पुरतो काय, याविषयी पुष्कळ वर्षे वाद होता. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये मुकुंद देवांगन प्रकरणात हा परवाना पुरतो असे सांगितले आणि 6 नोव्हेंबर 2024 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हाच निर्णय कायम केला. आंब्याच्या पेट्या घेऊन वाशीला जाणाऱ्या बागायतदारांना याचा मोठा दिलासा आहे.

4) ट्रक व मोठी वाहने : यासाठी परिवहन वाहनाचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. त्यापूर्वी किमान एक वर्ष हलक्या मोटार वाहनाचा परवाना धारण केलेला असावा लागतो.

5) पॉवर टिलर : टिलर शेतात चालविणे वेगळे आणि ट्रॉली जोडून रस्त्यावर आणणे वेगळे. रस्त्यावर आणण्यापूर्वी नोंदणीचे कागद व विमा तपासावा आणि लागणाऱ्या परवान्याच्या वर्गाविषयी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे.

6) विजेवरील दुचाकी : मोटारीची शक्ती 250 वॅटपर्यंत व वेग ताशी 25 किलोमीटरपर्यंत असलेल्या गाडीस परवाना लागत नाही. त्यापेक्षा मोठ्या गाडीस लागतो. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये; गाडीच्या कागदावरील आकडे वाचावेत.

पहिली पायरी : शिकाऊ परवाना

पक्का परवाना थेट मिळत नाही. प्रथम शिकाऊ परवाना काढावा लागतो. याचा अर्ज परिवहन विभागाच्या 'सारथी' या संकेतस्थळावर करावयाचा असतो. ज्यांच्या घरी सोय नाही, त्यांनी जवळच्या सेवा केंद्रातून अर्ज भरून घ्यावा.

जून 2021 पासून महाराष्ट्रात आधार क्रमांकाच्या आधारे घरबसल्या शिकाऊ परवाना मिळण्याची सोय झाली आहे. श्रीवर्धनच्या शेतकऱ्याला पेणला जायचे म्हणजे शंभर किलोमीटरच्या आसपास प्रवास व एक दिवसाचा खाडा. तो आता या पहिल्या पायरीपुरता वाचतो. त्यासाठी पुढील तयारी ठेवावी.

1) आधार कार्डाशी स्वतःचा चालू मोबाईल क्रमांक जोडलेला असावा. परवलीचा आकडा त्याच क्रमांकावर येतो. क्रमांक बंद पडला असल्यास प्रथम आधार केंद्रात तो बदलून घ्यावा.

2) आधारवरील नाव, जन्मतारीख व पत्ता बरोबर असावा. तोच मजकूर परवान्यावर उतरतो.

3) प्रकृतीविषयीचे स्वयंघोषणापत्र (नमुना 1) भरावे. वय 40 वर्षांच्या वर असल्यास किंवा परिवहन वाहनाचा परवाना हवा असल्यास नोंदणीकृत डॉक्टरांचे प्रमाणपत्र (नमुना 1-अ) लागते.

4) स्वाक्षरीची प्रत तयार ठेवावी.

आधारचा मार्ग नको असल्यास वयाचा व पत्त्याचा पुरावा घेऊन, ठरलेल्या वेळी कार्यालयात जाऊन चाचणी देता येते. वयासाठी जन्म दाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला आणि पत्त्यासाठी मतदार ओळखपत्र यांसारखी कागदपत्रे चालतात.

चाचणीपूर्वी रस्ता सुरक्षेची चित्रफीत पाहावी लागते. नंतर वाहतुकीची चिन्हे व नियम यांवर पर्यायी उत्तरांचे प्रश्न येतात. शेकडा 60 उत्तरे बरोबर यावी लागतात. मराठीत प्रश्न मिळतात. चिन्हे ओळखण्याची सोपी खूण अशी : गोल पाटी म्हणजे पाळायलाच हवी अशी आज्ञा, त्रिकोणी पाटी म्हणजे पुढील धोक्याचा इशारा आणि चौकोनी पाटी म्हणजे माहिती. एवढे डोक्यात बसले की निम्मी चाचणी सोपी होते. ही चाचणी घरी होत असल्याने दुसऱ्याला बसवून ती देण्याचा मोह होतो. तो टाळावा. वाडखळच्या रस्त्यावर पाटी वाचायची वेळ येईल, तेव्हा तो दुसरा माणूस शेजारी नसतो.

शिकाऊ काळातील नियम

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. या काळात पुढील नियम पाळावेत.

1) वाहनाच्या पुढे व मागे पांढऱ्या पाटीवर लाल रंगात इंग्रजी 'एल' अक्षर लावावे.

2) चारचाकी शिकताना पक्का परवाना असलेली व्यक्ती शेजारी, वाहन थांबविता येईल अशा जागी बसलेली असावी.

3) दुचाकीवर शिकविणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणासही मागे बसवू नये.

4) शिकाऊ परवान्यावर माल घेऊन एकट्याने बाजार गाठू नये.

दुसरी पायरी : पक्का परवाना

शिकाऊ परवाना मिळाल्यापासून 30 दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. सहा महिन्यांची मुदत संपण्यापूर्वी ती द्यावी. अन्यथा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. चाचणीचा दिवस व वेळ 'सारथी'वरच निवडावी लागते.

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या किनारी तालुक्यांना पेणचे परिवहन कार्यालय (एमएच-06) आणि उरण तालुक्याला पनवेलचे कार्यालय (एमएच-46) जवळचे आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर राज्यातील कोणत्याही परवाना प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. म्हणून नोकरी किंवा शिक्षणासाठी मुंबई-पुण्यास असलेल्या मुलाने केवळ परवान्यासाठी गावी येण्याचे कारण नाही. तालुक्याच्या गावी शिबिर असल्यास त्याची तारीख आधी विचारून घ्यावी.

चाचणीस जाताना ज्या वर्गाचा परवाना हवा, त्या वर्गाचे वाहन न्यावे लागते. सोबत शिकाऊ परवाना, वाहनाचे नोंदणीपत्र, चालू विमा व प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र ठेवावे. प्रमाणपत्राची मुदत संपली म्हणून परत फिरणारे अर्जदार थोडे नाहीत. आदल्या दिवशी सर्व तारखा पाहाव्यात.

दुचाकीस्वाराला आठच्या आकड्यासारख्या वळणावर पाय न टेकता गाडी फिरवून दाखवावी लागते. मोटारगाडीला मागे घेणे, वळविणे, चढावर थांबवून पुन्हा सुरू करणे या गोष्टी पाहिल्या जातात. आरशात पाहणे, इशारा देणे व पट्टा लावणे यांकडेही अधिकारी लक्ष देतात. शेतात दहा वर्षे ट्रॅक्टर चालविलेला माणूस येथे नापास होतो, तो गाडी येत नाही म्हणून नव्हे, तर इशारा देण्याची सवय नसते म्हणून. शेतात इशारा कोणाला द्यायचा? परंतु रस्त्यावर मागून येणाऱ्याला आपल्या मनातले वळण दिसत नाही.

नापास झाल्यास सात दिवसांनंतर पुन्हा चाचणी देता येते. तीन वेळा नापास झाल्यास शेवटच्या चाचणीपासून 60 दिवस थांबावे लागते.

खर्चाचा अंदाज

केंद्रीय नियमांप्रमाणे शुल्क असे आहे :

शिकाऊ परवाना, प्रत्येक वर्गास – 150 रुपये

शिकाऊ चाचणी – 50 रुपये

पक्क्या परवान्याची चाचणी, प्रत्येक वर्गास – 300 रुपये

परवाना देणे – 200 रुपये

स्मार्ट कार्ड – 200 रुपये

उदाहरणार्थ, मोटारसायकल व हलके मोटार वाहन असे दोन वर्ग एकदम घेतल्यास शिकाऊ टप्प्यात 300 अधिक 50 म्हणजे 350 रुपये आणि पक्क्या टप्प्यात 600 अधिक 400 म्हणजे 1000 रुपये, असे एकूण 1350 रुपये होतात. टपाल व किरकोळ आकार वेगळा. खताच्या एका गोणीच्या आसपासचा हा खर्च आहे. शुल्क संकेतस्थळावर भरून पावती जपून ठेवावी. मध्यस्थ याच कामाचे कितीतरी पट पैसे घेतात. वाहन शिकविण्याचे पैसे देणे योग्य. चाचणी टाळण्यासाठी पैसे देणे म्हणजे धोका विकत घेणे होय.

हंगामाप्रमाणे नियोजन

पिकाचे वेळापत्रक करतो, तसेच परवान्याचेही करावे. भाताची लावणी आटोपली की ऑगस्टमध्ये थोडी उसंत मिळते. 10 ऑगस्टच्या सुमारास शिकाऊ परवाना घेतल्यास 10 सप्टेंबरच्या सुमारास पक्क्या चाचणीस पात्र होता येते. म्हणजे ऑक्टोबरमध्ये भातकापणी व मळणीच्या वाहतुकीला परवाना हातात येतो. काही कारणाने चाचणी हुकली, तरी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मुदत असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पांढरा कांदा निघतो व पाठोपाठ आंब्याचा हंगाम लागतो. त्या धांदलीत अर्ज करू असे म्हणणाऱ्याचे वर्ष फुकट जाते.

मुदत व नूतनीकरण

परिवहन वाहने सोडून इतर वाहनांच्या परवान्याची मुदत वयाप्रमाणे ठरते. परवाना घेताना वय 30 पेक्षा कमी असल्यास वयाच्या 40 वर्षांपर्यंत, 30 ते 50 च्या आत असल्यास 10 वर्षे, 50 ते 55 च्या आत असल्यास वयाच्या 60 वर्षांपर्यंत आणि 55 च्या पुढे 5 वर्षे परवाना चालतो. परिवहन वाहनाचा परवाना 5 वर्षांचा असतो. मुदत संपण्यापूर्वी एक वर्षापासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. पूर्वी मुदत संपल्यावर 30 दिवसांची सवलत असे. ती 2019 पासून नाही. मुदत संपून एक वर्ष उलटल्यास पुन्हा चाचणी द्यावी लागते. परवाना डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या मोबाईलवरील सोयीत ठेवल्यास तोही ग्राह्य धरला जातो. पावसात भिजणाऱ्या पाकिटापेक्षा हे बरे.

ट्रॅक्टर रस्त्यावर आणताना

परवाना मिळाला म्हणजे काम संपले असे नाही. पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

1) शेतात आखूड वळण घेण्यासाठी ट्रॅक्टरचे डावे व उजवे ब्रेक सुटे वापरतात. रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही पेडल खिटीने एकत्र जोडावेत. एकाच चाकाला ब्रेक लागला, तर वेगात ट्रॅक्टर उलटतो.

2) उतारावर ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये सोडू नये. ज्या गिअरमध्ये चढ चढलो, त्याच गिअरमध्ये उतरावे.

3) ट्रॅक्टरवर बसण्याची जागा एकच, ती चालकाची. मडगार्डवर किंवा ट्रॉलीत मजूर, बायका-मुले बसवू नयेत. अपघात झाल्यास त्यांच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनी नाकारू शकते व ती मालकावर येते.

4) ट्रॉलीच्या मागे परावर्तक पट्ट्या व चालू दिवे असावेत. अंधारात चिखलाने माखलेली ट्रॉली मागच्या वाहनाला दिसत नाही. मळणीनंतर निघताना ओल्या फडक्याने पट्ट्या पुसून घ्याव्यात.

5) शेतीसाठी घेतलेल्या विम्यावर भाड्याने वाळू-विटा वाहू नयेत.

6) दुचाकीवर चालक व मागे बसणारा दोघांनीही हेल्मेट घालावे.

वाडीत नवे कलम लावताना आपण ते कोणत्या रोपवाटिकेतून आणले, हे विचारतो. कारण पुढची तीस वर्षे त्यावर अवलंबून असतात. ज्याच्या हाती आपण वाहनाची किल्ली देतो, त्याचा परवाना विचारण्यातही तेवढेच शहाणपण आहे. तरी शेतकरी बंधू-भगिनींनी घरातील वाहन चालविणाऱ्या प्रत्येकाचा परवाना, त्यावरील वाहनाचा वर्ग व मुदतीची तारीख आजच पाहून घ्यावी. ज्यांच्याकडे परवाना नाही, त्यांनी येत्या हंगामापूर्वी शिकाऊ परवान्याचा अर्ज करावा आणि तोपर्यंत किल्ली खुंटीलाच राहू द्यावी.